हाय का कोनी?

कानशीचा आवाज थांबला आणि माझा हात पिठातच थबकला.

परसातल्या टिनाच्या खोलीत आमचे हे सकाळपासून बसलेले होते. लोखंडावर कानस घासल्याचा खर्र-खर्र आवाज दिवसभर चालायचा. शेजारच्या विमलताईचं त्यानं डोकं उठायचं. मला मात्र तो चालू असला की भाकरी थापता यायची, कपडे धुता यायचे. थांबला की मी कान टवकारायची.

तशाच पिठाच्या हातांनी मी परसात गेले. दार आतून लोटलेलं होतं. कान लावला. काही नाही.

“हाय का कोनी?” मी बाहेरून ओरडले.

उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात त्या खोलीच्या छताला आडवी टाकलेली लाकडी बल्ली, कोपऱ्यातले डबे, खिळ्याला अडकवलेली सायकलची जुनी ट्यूब, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

“हाय.”

“किती?”

“एकच हाय वो. अजून कोन येते माह्यापाशी?”

मी चुलीपाशी परत आले. ती भाकरी वाकडी झाली ती झालीच.

ही हाक मुळात आमच्या घरची नव्हती. ती जिनिंगमधली होती. यवतमाळहून लोहाऱ्याकडे जाताना रस्त्याला लागून जुनं जिनिंग होतं. आता तिथे मंगल कार्यालय आहे, लग्नाचे दिवे लागतात. तेव्हा तिथे कापसातून सरकी वेगळी करायचे आणि उरलेल्या रुईच्या गाठी बांधायचे. गाठी बांधणारं यंत्र म्हणजे प्रेस. आमचे हे प्रेसमन होते. प्रेसचं हँडल त्यांच्या हातात असायचं.

प्रेसची पेटी माणसाच्या डोक्याहून खोल. तीत रुई टाकायची, आणि दोघांनी आत उतरून ती पायांनी तुडवायची. थोडी तुडवली की बाहेर यायचं, वरून प्रेसचा दाब द्यायचा, पुन्हा रुई टाकायची, पुन्हा उतरायचं. रुईचा धुरळा असा, की हाताला हात दिसत नसे. आत माणूस राहिला असेल तर वरून कळायला मार्ग नाही. म्हणून हँडलला हात लावण्याआधी प्रेसमन हाक मारायचा, “हाय का कोनी?” आतून “हाय!” आलं, की “किती?” असं विचारायचं. आतल्यांनी आकडा सांगायचा. तेवढी माणसं बाहेर आली की पुन्हा हाक. मग पेटीच्या काठावरच्या कुणीतरी आत वाकून बघायचं आणि “रिकामी!” म्हणून ओरडायचं. ते “रिकामी” प्रेसमननं स्वतः कधी म्हणायचं नाही. दुसऱ्यानंच म्हणायचं. त्याशिवाय हँडल हलत नसे, मालक स्वतः येऊन बोंबलला तरी.

हे मला ठाऊक, कारण जिनिंगच्या फाटकाशी माझी चहाची टपरी होती. “रिकामी!” ऐकू आलं की मी दूध वर ठेवायची. प्रेस खाली बसेपर्यंत चहा उकळायचा आणि ही सगळी माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होऊन माझ्यापुढे उभी राहायची.

त्यांत उत्तमसिंग असायचा. पुढच्या तांड्यावरचा. डोक्याला लाल पागोटं, आणि पेटीत उतरला की तेच तोंडाला बांधायचा. तुडवण्यात त्याच्यासारखा माणूस नाही, असं आमचे हे म्हणायचे. कधी त्याची बायको मैनाबाई भाकरी घेऊन यायची आणि माझ्याजवळ टेकायची. एकदा हसत सांगत होती, “हा मानूस घरी येते ना, तं दारातूनच वरडते, हाय का कोनी! मी म्हनतो, हाय. मंग इचारते, किती! मंग म्या सांगा लागते, दोघी हाय, एक येनार हाय. असं नाही म्हनलं तं मानूस अंदर पाय नाही ठेवत, बाई!” दोघी म्हणजे ती आणि तिची मुलगी वर्षा. येणारा एक तो. आम्ही दोघी हसून हसून थकलो होतो.

मग कापसाचं सगळंच बिघडत गेलं. आधी सरकारी खरेदी कमी झाली, मग जिनिंग चार-चार महिन्यांऐवजी चार-चार आठवडे चालू लागलं, मग एके दिवशी फाटकाला कुलूप. प्रेस भंगारात गेला. गॅसनं कापताना आमचे हे समोर उभे होते. घरी आले, हातपाय धुतले, आणि भिंतीला पाठ टेकून बसले ते बसलेच.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी उत्तमसिंग आमच्याकडे आला होता. मी घरी नव्हते. आमच्या अंगणाबाहेर लिंबाखाली उभा राहिला, खोकला, थोडा वेळ वाट बघितली आणि गेला. यांनी खिडकीतून पाहिलं होतं, त्या रात्री त्यांनीच मला सांगितलं. कुणाशी बोलायची इच्छा नव्हती, म्हणून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तांड्यावरून बातमी आली. फवारणीचं औषध प्याला होता. का प्याला ते मैनाबाईलाही पुरतं सांगता आलं नाही. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात कुणालाच कुणाचं सांगता येत नव्हतं. रोज सकाळी पेपरात तीच बातमी, गावाचं नाव तेवढं बदललेलं असायचं.

हे मातीला गेले नाहीत. नंतरही तांड्यावर पाऊल टाकलं नाही. एकदाच, जेवता जेवता, ताटाकडे बघत म्हणाले, “मी आवाज नाही देल्ला.”

एवढंच. त्या दिवसापासून मला भीती बसली.

त्यांचं नाव उकंडा. आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्या जन्मल्या सासूबाईंनी त्यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचलून आणलं. टाकलेलं पोर म्हणजे मरणाला नको असलेलं पोर, अशी समजूत. मरणाला चकवायला ठेवलेलं नाव होतं ते. मी मनातल्या मनात म्हणायची, चकवलं ना एकदा, आता अजून एकदा चकव.

घरातलं उंदराचं औषध मी खड्डा करून पुरलं. कपडे वाळवायची दोरी काढून टाकली. विमलताई कुंपणावरून बघत होती. ती अंगणवाडीत होती, तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

“काहो इंदूबाई, दोरीनं काय घोडं मारलं तुमचं? लुगडे टिनावर वाळू घालून राह्यल्या?”

“सडली होती दोरी.”

“कालपरवा तं आनली तुमी नवी!”

मी लुगडं झटकून टिनावर पसरलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा बदलला. हळूच म्हणाली, “आमच्याकडचीही काढतो मी.”

प्रदर्शनाची बातमी तिनंच आणली. नागपूरच्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. विमानं, जहाजं, आगगाड्या, किल्ले, जे मोठं असतं ते मापात लहान करून बनवायचे आणि मांडायचे. त्या हिवाळ्यात त्यांचं प्रदर्शन यवतमाळला एका कॉलेजच्या हॉलमध्ये भरणार होतं.

“उकंडाभाऊ,” विमलताई दारातूनच म्हणाली, “तुमी जिनिंग बनवा. पाडली तं पाडली त्याइनं. तुमाले तं पाठ हाय ना सारी?”

हे उठून आत गेले. पण दुसऱ्या दिवशी परसातली खोली झाडून काढली. तेलाच्या डब्यांचे पत्रे, छत्रीच्या काड्या, सायकलच्या तारा, शिवणयंत्राची मोडकी चाकं गोळा केली. आणि कानशीचा आवाज सुरू झाला. मी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. माणूस परत आला असं मला वाटलं.

पण आत कुणाला येऊ देत नसत. काम झाकून ठेवायचे माझ्याच जुन्या लुगड्यानं. विचारलं तर म्हणायचे, “तिथंच पाह्यजो.” कधी काही मागायला बाहेर यायचे. जराशी रुई. हिरव्या लुगड्याचा तुकडा. एकदा लाल चिंधी. एकदा म्हणाले, “माह्या खाकी शर्टाचा बाहीचा तुकडा दे.” तो त्यांचा प्रेसवरचा शर्ट होता, मी ट्रंकेत जपून ठेवलेला. कापताना मला बरंच वाटलं. म्हटलं, आता त्या शर्टाला हात लावायची हिंमत झाली यांची.

भीती मला वेगळीच लागली होती. हे काम संपलं की काय? जोवर कानस चालू आहे तोवर माणूस आहे. मी देवधर्म करणारी नव्हे, पण रोज मनाशी म्हणायची, अजून एक चाक राहू दे, अजून एक खिळा राहू दे.

एके दिवशी दुपारी दार उघडं ठेवून बाहेर आले. म्हणाले, “झालं.”

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांनी घरातली सगळी कामं काढली. दाराची कडी कितीतरी वर्षं सैल होती, ती बसवली. टिनाचं गळतं बुजवलं. माझ्या विळ्याला धार लावली. संध्याकाळी एसटीडी बूथवर जाऊन संघर्षशी बोलले. आमचा एकुलता एक, पुण्यात नोकरीला. ज्या माणसाला फोनवर “बरं” च्या पुढे बोलता येत नसे, तो बोलतच राहिला. शेजारी उभी राहून मी ऐकत होते. “मायले जप. तिच्या गुडघ्याचं पाहाय.” मग हातातलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. “हे संघर्षले देजो. चांगलं हाय अजून.”

“अन् तुमाले?”

“मले काय करा लागते आता टाइम पाहून?”

रात्रभर मी त्यांच्या धोतराचा सोगा मुठीत धरून पडून राहिले. सकाळी ते पांढरं स्वच्छ घालून तयार झाले. दाढी केली. ऑटोत आम्ही तिघं, विमलताई पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे आमच्या दोघांच्या मांडीवर लुगड्यात गुंडाळलेलं जिनिंग. प्रत्येक खड्ड्याला ते त्याच्यावर पंख पसरल्यासारखे वाकायचे.

“आता काम संपलं,” ते म्हणाले. मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.

हॉल भरलेला होता. टेबलावर टेबलं. विमलताई तर पोरीसारखी झाली.

“इंदूबाई, पाहा वो! एवढ्याशा विमानात पायलट बसवला हाय. टोपीसकट! अन् हे जहाज पाहा, याच्यावर तं खाटा बी हाय. आपल्या घरी खाट नाही धड, अन् हे पाहा.”

एका मुलीनं थर्माकोलची दीक्षाभूमी केली होती. माझे हात आपोआप जुळले. क्षणभर मी सगळं विसरले.

मग आमच्या टेबलाशी आले. यांनी लुगडं काढलं होतं.

काय सांगू! ते आमचं जिनिंग होतं. फाटक, फाटकावरचा वाकलेला दिवा, कापसाच्या गाड्या, बैलांच्या शिंगांना रंग, अंगणात नखाएवढे कापसाचे ढीग. वजनकाट्यापाशी बसलेला दिवाणजी, त्याचं पोटसुद्धा तसंच. लोक वाकून वाकून बघत होते. आणि फाटकाशी टपरी. टपरीवर हिरव्या लुगड्यातली बोटाएवढी बाई, हातात किटली. मी.

“वा वो इंदूबाई, तुमी तं म्युझियममध्ये गेल्या!” विमलताईनं मला कोपरानं ढोसलं.

मला हसू आलं, रडू आलं. मग एक गोष्ट खटकली. ती बाई रस्त्याकडे तोंड करून बसवली होती. माझी टपरी तशी नव्हती. मी कायम प्रेसकडे तोंड करून बसायची, हाक ऐकायला. बाकी सगळं जिथल्या तिथे, बैलांच्या घुंगरांपर्यंत. मग एवढा माणूस नेमका माझ्याच बाबतीत कसा चुकला?

मी प्रेसच्या खोलीकडे पाहिलं. छप्पर त्यांनी उचलून बाजूला ठेवलं होतं. प्रेस उभा होता, काळा, चकचकीत. हँडलजवळ माणूस नव्हता. तिथली जागा मोकळी. मी आणखी वाकले. हॉलचा दिवा बरोबर वर होता, त्याचा उजेड पेटीत पडला.

पेटीत, रुईत कमरेपर्यंत बुडालेली, दोन माणसं होती. एकाच्या डोक्याला लाल पागोटं. दुसऱ्याच्या अंगात खाकी शर्ट.

कडी, विळा, फोन, घड्याळ, सगळं एकदम एकाला एक जोडून माझ्यापुढे उभं राहिलं. आमचे हे आयुष्यात कधी पेटीत उतरले नव्हते. त्यांची जागा हँडलपाशी. त्यांनी स्वतःला उत्तमसिंगच्या शेजारी उभं केलं होतं, आणि मला पाठमोरी बसवलं होतं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते शांत होते. इतके शांत, की मी त्यांची बाही धरली.

“घरी चला,” मी हळूच म्हणाले.

“काहून? आता तं आलो.”

“मले बरं वाटून नाही राह्यलं. चला ना, संघर्षचे बाबा.”

“बस थोडी. परीक्षक येऊन राह्यले.”

परीक्षक नागपूरचे, पिकल्या केसांचे, गळ्यात भिंग अडकवलेलं. माणूस चांगला होता. दिवाणजीच्या पोटाला पाहून हसला, पत्रा कसा वाकवला ते विचारलं, जिनिंग कुठे होतं ते विचारलं. भोवती गर्दी झाली. मला पुढे जायला जागा उरली नाही. विमलताईचा हात मी घट्ट धरला.

“काय झालं वो? हात कायले एवढा दाबून राह्यल्या?”

चार लोकांत काय सांगायचं? की हे खेळणं आहे, पण खेळणं नाही?

“काका, हा प्रेस चालतो का?” परीक्षकांनी विचारलं.

“चालते ना. पुरी गाठ बनते.”

“मग दाखवा की चालवून.”

त्यांनी हँडलकडे हात नेला. छत्रीच्या मुठीच्या पितळेतून केलेलं, माचिसच्या काडीएवढं हँडल. दोन बोटांत धरलं. आणि मग, इतक्या वर्षांची सवय, पेटीवर वाकून त्यांनी खणखणीत आवाजात हाक मारली.

“हाय का कोनी?”

हॉलमध्ये हशा पिकला. पोरं एकमेकांना ढकलू लागली. कुणीतरी म्हणालं, “काकाजी, मुंग्या असतीन!” पुन्हा हशा. परीक्षकही हसले.

हे हसले नाहीत. ते थांबले. हाक मारल्यावर उत्तराला जेवढं थांबायचं असतं तेवढं थांबले. उत्तर येणार नव्हतं. बोटं हँडलवर होती आणि ती जराही कापत नव्हती. मग मी त्यांचे ओठ हलताना पाहिले. ते स्वतःच म्हणणार होते. जे प्रेसमननं कधी म्हणायचं नसतं, ते “रिकामी” स्वतःच म्हणणार होते.

“हाय!” मी ओरडले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. हशा तुटला. माणसं वळून बघू लागली.

“हाय! थांबा! मानूस हाय अंदर!”

ते वळले नाहीत. पण बोटं जागच्या जागी थांबली. कुणी ओरडल्यावर हँडल ओढायचं नसतं. मालक बोंबलला तरी नाही. ते बोटांना माहीत होतं, मनाच्याही आधी.

मग त्यांनी, तशीच पाठ माझ्याकडे ठेवून, विचारलं,

“किती?”

“दोन.”

त्यांनी हँडल सोडलं. चिमटीनं आधी खाकी शर्टवाला वर उचलला. त्याच्या पायांना रुई चिकटली होती, ती फुंकरीनं उडवली आणि त्याला फाटकापाशी, टपरीच्या बाकड्यावर ठेवला. मग पुन्हा पेटीत चिमटी घातली. या वेळी चिमटी दोनदा निसटली. लाल पागोटेवाला बाहेर आला तेव्हा त्याला कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि शेवटी डाव्या मुठीत धरून ठेवलं.

“हाय का कोनी?” पुन्हा हाक मारली. आवाज फाटला होता.

मी गर्दीतून पुढे गेले, पेटीवर वाकले, नीट आत पाहिलं आणि म्हणाले, “रिकामी!”

त्यांनी हँडल ओढलं. प्रेस खाली गेला, हळूहळू, खऱ्यासारखाच कण्हत. वर आला तेव्हा आत साबणाच्या वडीएवढी पांढरी गाठ होती. टाळ्या पडल्या. परीक्षकांना वाटलं, हा सगळा खेळ आम्ही दोघांनी मिळून बसवला आहे. “छान बसवलंय तुम्ही,” म्हणाले. कुणीच ते खोडून काढलं नाही.

पहिलं बक्षीस खाटांवाल्या जहाजाला मिळालं. विमलताईचा संताप झाला. ऑटो बघायला गेली तीसुद्धा जहाजवाल्याला ऐकू जाईल असं बोलत. हॉल रिकामा होत होता. टेबलाशी आम्ही दोघंच.

“मले पाठमोरी काहून बसवली?”

ते लुगड्याची घडी मोडत होते. हात थांबला.

“तुले दिसू नाही म्हून.”

बोलायला गेले असते तर मारलंच असतं त्यांना. त्यांनी मग एका बोटानं त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईला हळूहळू फिरवलं, अगदी प्रेसकडे तोंड येईपर्यंत. डिंक तडकल्याचा बारीक आवाज झाला.

“भूक लागली,” ते म्हणाले.

त्यांचं मरण पुढे पुष्कळ वर्षांनी आलं, आपल्या वेळेनं, खाटेवर, पाय माझ्या मांडीवर असताना. ते जिनिंग अजून माझ्या कपाटावर आहे. बाकड्यावरचा खाकी माणूस तसाच बसलेला आहे. रविवारी फडक्यानं पुसते. पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवसाचं.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच म्हणाले, “चाल, तांड्यावर जाऊन येऊ.” आम्ही पायी गेलो. रस्ता भरून दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी, बोंडं फुटलेली, आणि वेचायला बाया दिसत नव्हत्या. त्यांची डावी मूठ त्या लाल पागोटेवाल्याभोवती मिटलेली होती. मला अजून भीती वाटतच होती, पण ती आता त्यांच्याबरोबर चालत होती, त्यांच्या मागून नाही.

मैनाबाईच्या दारात आम्ही उभे राहिलो. दार नुसतं लोटलेलं. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी हातानं मला थांबवलं. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मला वाटलं, परत फिरतात.

“हाय का कोनी?”

आतला भांड्यांचा आवाज बंद झाला. इतकी शांतता, की शेळी रवंथ करत होती ते ऐकू येत होतं.

“हाय,” आतून मैनाबाईचा आवाज आला.

त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “किती?” आणि लगेच त्यांनी जीभ चावली. पण शब्द गेला होता.

आत एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“दोघीच,” मैनाबाई म्हणाली.

त्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, मूठ उघडली, आणि आत पाय ठेवला.